खिशातला फ्यूज

आमच्या भाऊजींना सगळा कारखाना 'साडेनऊ' म्हणतो. तोंडावर नाही हं, पाठीमागे. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, दहातून अर्धं गेलं की साडेनऊ. मी मात्र त्यांना भाऊजीच म्हणते, कारण ते माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि मला तोंड आवरायला लहानपणीच शिकवलंय. म्हणजे शिकवायचा प्रयत्न केलाय.

बोट कसं गेलं हे विचारा, प्रत्येकाला वेगळी गोष्ट. मालकांना सांगितलं, फळीत खिळा होता. रंधेवाल्याला सांगितलं, ऐन वेळी शिंक आली. जाऊबाईंना, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोला सांगितलं, उभ्या उभ्या डुलकी लागली. मी लग्न होऊन आले आणि विचारलं, तर म्हणाले, "उंदराने खाल्लं." हसले नाहीत की काही नाही, मान खाली घालून जेवत राहिले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एका बोटाच्या चार गोष्टी सांगणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे कळायला फार शाळा शिकावी लागत नाही.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. मधोमध करवतीचं यंत्र, लोखंडी टेबलातून अर्धं वर आलेलं गोल पातं. खिडकीपाशी रंधेवाला आणि त्याचं यंत्र. मागे प्लायच्या भिंतीआड पॉलिशची खोली, ती माझी. लाकूड घासायचं, तेल पाजायचं, चमक आणायची, हे काम मी अठरा वर्षं करते आहे. आमचे हे तिथेच फळ्या वाहायचे. टेम्पोतून उतरवायच्या, करवतीपर्यंत न्यायच्या, कापलेल्या परत रचायच्या. आणि करवतीवर भाऊजी, मालकांचे 'मिस्त्री', पंचवीस वर्षं. त्या यंत्राजवळ दुसरं कुणी फिरकलेलं त्यांना खपायचं नाही.

इतका संशयी माणूस मी जन्मात पाहिला नाही. माणसांवर संशय तर होताच, पण यांचा लाकडावरसुद्धा संशय! फळी आली की आधी दोरीला बांधलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवायचे, आत खिळा दडलाय का म्हणून. पात्यावरचं झाकण दिवसातून दहा वेळा हलवून बघायचे. फळी पुढे सरकवायची एक काठी होती, बोटं पात्यापासून लांब राहावीत म्हणून. ती जागेवर नसली की सगळ्यांकडे असं बघायचे, जणू आम्ही ती घरी चूल पेटवायला नेली. पात्याच्या सरळ मागे त्यांनी जमिनीवर पिवळा पट्टा ओढला होता आणि तिथे कुणाला उभं राहू द्यायचे नाहीत, अडकलेली फळी तिथेच उडून येते म्हणे. एकदा मी घाईत तिथे उभी राहिले, तर मला दंडाला धरून बाजूला ढकललं. सगळ्यांसमोर! मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंही नसावं, कारण कानात कायम कापूस.

माझ्या चिंध्यांवरही त्यांचा डोळा. तेलाने भिजलेल्या चिंध्या मी कोपऱ्यात गोळा करून ठेवायची. सकाळी येऊन बघावं तर चिंध्या गायब, आणि मागच्या कुंपणावर एकेक करून वाळत घातलेल्या, पाण्याने चिंब. मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या चिंध्या मोजता की काय तुम्ही? मी काय त्या विकून बंगला बांधणारे?" तर म्हणाले, "ढीग करू नकोस. आपोआप पेटतात." आपोआप! चिंध्या! मी रंधेवाल्याकडे बघितलं, त्याने कपाळावर हात मारून घेतला.

आणि सगळ्यांत वरताण म्हणजे तो फ्यूज. करवतीच्या वायरीवर भिंतीत तिचा स्वतःचा फ्यूज होता, चिनीमातीचा पांढरा, मुठीत मावेल एवढा. पातं बदलायचं असो, आतला भुसा काढायचा असो, भाऊजी आधी जाऊन तो फ्यूज उपटायचे आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग खिशाचं बटण लावायचे. मग यंत्राचा खटका दाबून बघायचे, खरंच मेलंय ना. मग खटका परत बंद करायचे. मग पात्याच्या दातांत लाकडाचा जाडजूड ठोकळा ठोकून बसवायचे. एवढं सगळं झाल्यावर हात आत. खिशात फ्यूज घेऊन जेवायला बसायचे, खिशात फ्यूज घेऊन घरी यायचे. जाऊबाई म्हणायच्या, "माझ्यापेक्षा त्या फ्यूजवर जास्त जीव आहे यांचा." हसायचो आम्ही.

पण पाणी कुठे मुरतंय हे मला दिसत होतं. रंधेवाला त्या यंत्राजवळ आला तर भाऊजी नुसते बघायचे. मालक आले तर बघायचे. आणि आमचे हे आले की चटकन पुढे होऊन फ्यूजपाशी जाऊन उभे राहायचे. दर वेळी. स्वतःच्या धाकट्या भावावर एवढा अविश्वास? का?

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. पण यांची पाठ गेली. एक दिवस फळी उचलली आणि वाकले ते वाकलेच. सरळ होईनात. डॉक्टरांनी साफ सांगितलं, ओझं उचलायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी चालायचीही पंचाईत. आता ओझं उचलणं हेच ज्याचं काम, त्याने करायचं काय? कारखान्यात न उचलता करायचं काम एकच होतं, करवत. उभं राहून फळी सरकवायची, आणायला-न्यायला माणसं असतात. भाऊजींचंही वय झालं होतं, बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. मी मालकांशी बोलले. मालक म्हणाले, "धाकटा शिकला तर हरकत काय? मिस्त्रींना विचारतो."

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बघू."

"बघू काय बघू? करवत मिळाली नाही तर घरी बसायला लागेल तुम्हाला."

"बघू म्हटलं ना."

आमच्या यांचं हे असंच, सगळं जग बघू म्हणून टांगून ठेवायचं. मीच मागे लागले.

दोन दिवसांनी मालक आणि भाऊजी माझ्या खोलीच्या प्लायपलीकडे उभे राहून बोलत होते. प्लायला काय, कानच असतात. भाऊजींचा आवाज आला, "दुसऱ्या कुणालाही ठेवा. त्याला करवतीवर ठेवू नका."

"का हो मिस्त्री? सख्खा भाऊ तुमचा."

"म्हणूनच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ब्रश मी इतका दाबला की पाटावर डाग पडला. सख्खा भाऊ, पाठ मोडलेला, आणि हे महाशय त्याच्या पोटावर पाय देतात! काय कारण? जागा जाईल म्हणून? पंचवीस वर्षं राजासारखे उभे राहिले, आता धाकटा उभा राहिला तर मान कमी होईल? त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले, आणि जे बघितलं त्याने माझी खात्रीच पटत गेली.

मालकांनी मात्र यांना शिकायला उभं केलं. भाऊजी तोंडाला कुलूप लावून शिकवायचे. मी यांच्यासाठी जाड हातमोजे आणले, हाताला लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मोजे नाहीत. शोधले तर भुशाच्या पिंपात, उभे कापलेले. मी तशीच भाऊजींपुढे जाऊन उभी राहिले. "हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"यंत्राला मोजे आवडतात," म्हणाले आणि कानात कापूस घालून वळले. काय बोलणं ते! खाऊ की गिळू असं झालं मला.

मग सदरा. नवा, पूर्ण बाह्यांचा, मी हौसेने घेतलेला. दुपारी यांनी काढून खिळ्याला अडकवला होता, संध्याकाळी बघते तर दोन्ही बाह्या कोपरापासून छाटलेल्या. हे म्हणाले, "असू दे, दादाने कापल्या असतील. उकडतं तसंही."

"असू दे? उद्या तुमचं डोकं कापतील, तेव्हाही असू दे म्हणाल."

"अगं, सैल कापड पात्यात अडकतं."

"हे तुम्ही सांगताय की त्यांनी सांगितलं?"

"त्याने कुठे काय सांगितलंय. मीच म्हणतोय."

भावावर एवढी माया! मला त्या मायेचाच राग यायचा.

आणि एक दिवस मला सगळा डाव समजला. म्हणजे मला तसं वाटलं. हे काम शिकतायत, चार लोकांसमोर करून दाखवायची वेळ येईल, आणि त्याच वेळी भाऊजी फ्यूज खिशात टाकून निघून जातील. यंत्र मेलेलं, मालक समोर उभे, आणि हे बावळटासारखे हात चोळत बसलेले. झालं! म्हणून मी बाजारातून तसलाच एक फ्यूज आणला. पांढरा, चिनीमातीचा, आत तार घालून घेतलेली. दुकानदाराने विचारलं, कशाला हवाय, तर म्हटलं, घरात अंधार झालाय. पॉलिशच्या रिकाम्या डब्यात, चिंध्यांखाली दडवून ठेवला. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

तो दिवस आला. एका शाळेच्या बाकांचं काम होतं आणि मालक दुपारी त्या लोकांना घेऊन येणार होते. सकाळीच म्हणाले, "आज करवत धाकटा चालवेल. नीट झालं तर उद्यापासून कायमची त्याची." यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आनंदाने.

दुपारी मी खोलीत पाट घासत होते. बाहेर रंध्याचा आवाज चालू, पण करवतीचा आवाज थांबलेला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. मी बाहेर आले. करवत गप्प. यांचा पत्ता नाही. दाराबाहेर टेम्पो उभा होता आणि भाऊजी टेम्पोवाल्याशी फळ्यांवरून हुज्जत घालत होते, खिशाचं बटण लावलेलं. भिंतीकडे बघितलं, फ्यूजची जागा रिकामी. आणि रस्त्याच्या टोकाला मालकांची गाडी वळताना दिसली.

बघा! म्हटलं ना मी? अगदी अस्संच!

धावत आत गेले, डबा उपडा केला, फ्यूज घेतला आणि येऊन भिंतीत दाबला. ठासून दाबला, पुरत्या रागाने.

हुंऽऽऽ असा आवाज आला. करवतीचा नेहमीचा आवाज नव्हे, कुणीतरी तोंड दाबून धरल्यासारखा. टेबल थरथरलं. खण्णकन काहीतरी लोखंडी जमिनीवर आपटलं. मग भिंतीत ठिणगी उडाली, माझ्या हातावर चटका बसला, आणि सगळं शांत. टेबलापलीकडून, खालून, हे उठून उभे राहिले. यंत्राच्या पोटातलं दार उघडं होतं. हे गुडघ्यावर बसून पातं बदलत होते. हात कोपरापर्यंत आत होता.

  मी टेबलाला वळसा घालून पलीकडे धावले.

हात होता. दोन्ही होते. पाना उडून एका बोटाचं सालटं गेलं होतं, एवढंच. पातं तसूभरही हललं नव्हतं, कारण त्याच्या दातांत तो ठोकळा बसवलेला होता. भाऊजी टेम्पोकडे जाण्याआधी स्वतः ठोकून बसवून गेले होते. यांनी यंत्र मेलंय याची खात्री करायला खटका दाबला होता, अगदी भाऊजी दाबतात तसाच, पण परत बंद करायला विसरले. आणि मी बाहेरून प्राण ओतले त्यात. ठोकळा नसता तर मोटर फिरली असती, आणि मग मी आज तुम्हाला हे सांगत बसले नसते.

भाऊजी धावत आले. कानात कापूस, तरी त्यांनी तो हुंकार ऐकला होता म्हणे, पायांनी. त्यांनी यांचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट चाचपलं. मग भिंतीतल्या काळ्या पडलेल्या फ्यूजकडे बघितलं. मग माझ्याकडे. मालक तेवढ्यात आत शिरत होते. भाऊजी मोठ्याने म्हणाले, "माझी चूक. जास्तीचा फ्यूज मी तिथे लावून ठेवला होता."

तेव्हा हे हळूच काहीतरी बोलले. रंधा चालू होता, भाऊजींच्या कानात कापूस, मालक लांब. फक्त मी ऐकलं. हे म्हणाले, "दादा, परत?"

परत?

पण आधी मला दुसरं बोलायचं होतं.  "खोटं आहे," म्हटलं. "मी लावला फ्यूज. मी बाजारातून आणला. मला वाटलं, भाऊजी मुद्दाम..."  मालकांसोबतचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. मालकांनी त्यांना चहाला बाहेर नेलं. यांनी भिंतीवरून आपला बाह्या कापलेला सदरा काढला, अंगात घातला आणि म्हणाले, "मला करवत नको." आणि टेम्पोतल्या फळ्या उतरवायला निघाले. ती पाठ घेऊन! भाऊजींनी टेम्पोवाल्याला हाताने खूण केली आणि टेम्पो तसाच परत पाठवला.

कारखाना सुटल्यावर मी भाऊजींना कुंपणापाशी गाठलं. माझ्या ओल्या चिंध्या वाळत घालत होते. मी म्हटलं, "मला शिव्या द्या."

"कशाला?"

"मी तुमच्यावर संशय घेतला."

"बरं केलंस. यंत्राजवळ घ्यावा. फक्त माझ्यावर घेतलास तसा फ्यूजवरही घ्यायचा होतास."

मग मी विचारलं. "बोट कसं गेलं तुमचं? खरं सांगा. उंदीर नको."

हातातली चिंधी झटकली. मग म्हणाले, "असं कसं होतं ते तुला आज कळलंच आहे, म्हणून सांगतो. तेव्हा यंत्राचा खटका अडकायचा. मी आळस केला, खटका तसाच चालू ठेवला आणि भिंतीवरचा सगळ्या शेडचा मेन स्विच बंद करून हात आत घातला. तो बाहेरून आला. शेडमध्ये अंधार दिसला. उजेडासाठी मेन वर केला. बस."

"तो म्हणजे..."

"तुझा नवरा. एकोणीस वर्षांचा होता. मी ओरडलो, मीच चालू केलं, मीच चालू केलं. सगळ्यांना तेच सांगितलं, मग लोक खोदून विचारायला लागले तशा एकेक गोष्टी बनवल्या. त्याला माहीत नाही. कळलं तर आयुष्यभर त्या बोटाकडे बघत बसेल. तू सांगायचं नाहीस."

"म्हणून तुम्ही त्यांना करवतीपासून लांब..."

"त्याचा हात जाऊ नये. आणि त्याच्या हातून कुणाचा जाऊ नये. दोन्हीची भीती वाटते मला." चिंधी कुंपणावर नीट पसरवली. "मोजे का कापले, कळलं ना? एक दोरा अडकला की पातं पंजा ओढून घेतं."

मी मान हलवली. रडू येत होतं, आणि भाऊजींसमोर मला रडायचं नव्हतं.

पण ते 'परत' माझ्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर हे चहाचा पेला घेऊन पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. "परत म्हणजे काय हो?"

"काय परत?"

"तुम्ही म्हणालात. दादा, परत? कान आहेत मला."

यांनी पेला खाली ठेवला. "तू दादाला सांगणार नसशील तर."

आणखी एक! मी म्हटलं, "नाही सांगणार."

"त्याचं बोट मी तोडलं. मेन वर केला आणि त्याच क्षणी तो ओरडला. मी काय दगड आहे, मला कळणार नाही? पण तो सगळ्यांना सांगत सुटला, माझी चूक, माझी चूक. मी खरं बोललो असतो तर तो खोटा पडला असता. म्हणून गप्प बसलो. तो मला फ्यूजजवळ येऊ देत नाही ना, ते बरोबरच आहे. मला त्या भिंतीला हात लावायची भीती वाटते. आज त्याने परत स्वतःवर घेतलं. मला नाही जमणार करवत. फळ्याच उचलतो."

"आणि पाठ?"

"बघू."

 बावीस वर्षं दोन भाऊ एका शेडमध्ये, एकमेकांना वाचवत, एकमेकांपासून लपवत. मी जगभर संशय घेतला, या एका गोष्टीचा मला कधी संशय आला नाही. आणि आता दोघांनी माझ्याच तोंडाला कुलूप लावलेलं. मला, जिच्या पोटात साधा निरोप राहत नाही! आठवडाभर मी तो घोळ घेऊन पाट घासले. रंधेवाला विचारायचा, आज आवाज नाही, आजारी आहेस का?

 मग मालक म्हणाले, "सोमवारपर्यंत सांगा. धाकटा करवतीवर नसेल तर मला त्याला ठेवता येणार नाही. उचलायला निरोगी माणूस लागतो." त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

शनिवारी पातं बदलायचं होतं. भाऊजींनी फ्यूज उपटला आणि खिशाकडे नेला. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "भाऊजी, आज तो यांच्या खिशात द्या."

भाऊजींनी कानातला कापूस काढला. "काय?"

"फ्यूज. यांच्या खिशात. आणि पातं तुम्ही बदला."

त्यांचे डोळे बारीक झाले. तोच जुना संशय, चुंबक फिरवताना असतो तसा. "का?"

"विचारू नका."

"तुला काय माहीत आहे?"

"तुम्हाला माहीत आहे तेवढंच," मी म्हटलं. "थोडं जास्त."

 त्यांनी भावाकडे बघितलं. हे फळ्यांच्या ढिगापाशी उभे होते, भिंतीपासून होतील तितके लांब. भाऊजींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. काय समजले, किती समजले, मी आजही सांगू शकत नाही. मी शब्द मोडलेला नाही, एवढं मात्र लिहून घ्या.

"इकडे ये," भाऊजी म्हणाले.

"दादा, मी नको. रंधेवाल्याला..."

"इकडे ये म्हटलं ना."

हे आले. भाऊजींनी फ्यूज यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि बटण स्वतः लावलं. मग खटका दाबून बघितला, मेलेला. खटका परत बंद केला. रोजच्यासारखा ठोकळा उचलला, दातांत ठोकून बसवला. मग गुडघ्यावर बसले, यंत्राच्या पोटातलं दार उघडलं आणि तो डावा हात आत घातला. कोपरापर्यंत.

यांनी दोन्ही हातांनी खिसा दाबून धरला. छातीवर हात घट्ट आवळून उभे होते, ओठ हलत होते. मालक दारात येऊन थांबले. नट ढिला झाल्याचा आवाज आला. जुनं पातं निघालं. नवं बसलं, त्याच्याही दातांत ठोकळा गेला. किती वेळ गेला देव जाणे. रंधेवाल्याने आपलं यंत्र कधी बंद केलं तेही मला कळलं नाही.

भाऊजींनी ठोकळा काढला, हात बाहेर घेतला, भुसा झटकला आणि उभे राहिले. दोन्ही पंजे भावाच्या तोंडासमोर पसरून धरले.

"साडेनऊ," म्हणाले. "मोजून घे. होती तेवढीच आहेत."

हे त्या बोटांकडे बघत राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या अर्ध्या बोटाकडे सरळ बघितलं असेल. मग खिशाचं बटण काढायला लागले, पण बटण सुटेना, आणि शेवटी भाऊजींनीच ते काढून दिलं.

"लाव," भाऊजी म्हणाले, आणि भिंतीपासून बाजूला झाले.